दुसऱ्याच्या नावाचं कुलूप

१

रणधीर सापडला तेव्हा मेन स्विच बंद होता, त्या स्विचला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली रणधीरच्याच खिशात होती. तरीही तो विजेच्या धक्क्यानं मेला होता.

बेंबळीच्या पुढं माळावर एक वस्ती आहे. तिथं नवी अभ्यासिका बांधली होती, दोन खोल्या आणि पुढं ओसरी. आतल्या खोलीत, पंख्याच्या हुकाखाली, तो उताणा पडला होता. शिडी बाजूला कलंडलेली, उजव्या हाताची दोन बोटं काळी पडलेली. जळकोटच्या आण्णासाहेबांचा एकुलता एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेचं उद्घाटन होतं.

काम चाललं होतं विद्यार्थी शाखेचं. जिल्ह्यातल्या विद्युत ठेकेदारांच्या संघटनेनं कॉलेजात ही शाखा काढली होती. पुस्तकात वायरिंग शिकलेल्या पोरांनी एकदा तरी स्वतःच्या हातानं एखादी इमारत उजळावी, असा त्यामागचा विचार. वर्षाअखेरीला सगळ्या शाखांची स्पर्धा होई, आणि पहिल्या आलेल्या शाखेच्या पोरांना मोठ्या कंपन्या आपण होऊन बोलावतात, असा पोरांचा समज होता. तो अगदीच खोटा नव्हता.

चौकशीला संघटनेनं चारुशीलाताईंना पाठवलं. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरात जन्मून ही बाई खांबावर चढायला शिकली, वडिलांचा अबोला सोसून तिनं ठेकेदारीचा परवाना काढला आणि पुढं जिल्ह्यातल्या कितीतरी शाळा-दवाखान्यांचं वायरिंग केलं. जीभ तिखट. संघटनेतले पुरुष पाठीमागं त्यांना ‘हायव्होल्टेज’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

कुलपांची रीत शाखेला त्यांनीच घालून दिली होती. प्रत्येक पोराला एक लाल कुलूप, त्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नावाखाली ‘काम चालू आहे’. तारेला हात लावायच्या आधी मेन बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. दुसरी किल्ली असते ती आधीच सगळ्यांसमोर पकडीनं मोडून टाकायची. मग त्या कुलपाला जगात एकच किल्ली उरते, आणि ज्याचा जीव पणाला लागलाय त्याच्याच खिशात ती असते.

इतकं सगळं करूनही पोरगा गेला होता. आणि मेनवरच्या लाल कुलपावर त्याचं नाव नव्हतं. तिथं ‘शिवकन्या’ असं लिहिलेलं होतं. पोलिसांनी शिवकन्याची पिशवी उलटी केली तेव्हा तिच्या कंपासपेटीतून त्याच कुलपाची दुसरी किल्ली निघाली, न मोडलेली.

२

मग काय, सगळ्यांचं गणित एका मिनिटात सुटलं. पोरीनं आपल्या किल्लीनं कुलूप काढलं, मेन चालू केला, रणधीर कोसळला, आणि घाबरून तिनं परत बंद करून कुलूप घातलं. चुकून केलं की मुद्दाम, एवढंच ठरायचं राहिलं होतं. संघटनेचा अहवाल येईपर्यंत फौजदार थांबले होते. आण्णासाहेब थांबले नव्हते. कॉलेजच्या फाटकात सगळ्यांदेखत ते तिला म्हणाले होते की तू माझं घर अंधारात घातलंस, तुझ्या हाताला हातकड्या बघितल्याशिवाय मी मुलाचं दहावं करणार नाही.

चारुशीलाताई वसतिगृहावर गेल्या तेव्हा शिवकन्याचे वडील बाहेर पायरीवर बसले होते. लोहाऱ्याच्या स्टँडवर त्यांची काळीपिवळी जीप चालते. पोरीला घरी न्यावं की नेलं तर पळून गेली म्हणतील, या पेचात ते दोन दिवस तिथंच होते. ताईंना पाहून ते उठले.

शिवकन्या शाखेची सचिव. एरवी सभेत चुरचुरीत बोलणारी, पुस्तकी मराठीत आभार मानणारी पोरगी. भीतीनं ती पुन्हा गावच्या बोलीत गेली होती.

“मॅडम, म्या कुलूप उघडलं न्हाय.”

“दुसरी किल्ली का मोडली नाहीस?”

“आईनं मोडू दिली न्हाय. नव्या कुलपाची किल्ली मोडली की घरात कुणाचं तरी वाईट होतंय म्हणली. त्या दिवशी म्या मोडली ती आमच्या जुन्या पेटीची किल्ली व्हती.”

ताईंना तो दिवस आठवला. पोरं ओळीनं पुढं येऊन किल्ल्या मोडत होती आणि ताई टाळ्या वाजवत होत्या. आपण जिला टाळ्या वाजवल्या ती किल्ली पेटीची होती, हे ऐकून त्यांना पोरीचा राग आला आणि तिच्या आईचा त्याहून जास्त आला.

मंगळवारी तिघंच कामावर होते: शिवकन्या, रणधीर आणि शाखेचा अध्यक्ष कृष्णराज. बाकीच्यांची तोंडी परीक्षा होती. स्वानंद सर, म्हणजे शाखेचे प्राध्यापक, पोरांना सोडून सरपंचांकडं निमंत्रण द्यायला गेले होते. दुपारी लिंबाच्या झाडाखाली जेवणं झाली. शेजारच्या कडूबाई रोज भाकरी देत, त्या दिवशी त्यांनी भात दिला. मांडववाला गुंडप्पाही जेवायला होता. कृष्णराज शेवटी आला. रणधीर आलाच नाही, कारण भवानीचा मंगळवार तो कडक पाळायचा. जेवण झाल्यावर त्याला चहा विचारायला म्हणून शिवकन्या आत गेली आणि ओरडत बाहेर आली.

“आता कुलपाचं सांग. तुझं कुलूप मेनला कोणी लावलं?”

“रणधीरनं. सकाळी मागितलं. म्हणला, माझं घरी राहिलंय, तुझं दे. म्या किल्लीसकट दिलं.”

“दुसऱ्याचं कुलूप घ्यायचं नाही आणि आपलं द्यायचं नाही, हे मी सांगितलं होतं ना?”

“व्हय.”

“मग का दिलंस?”

“त्यानं मागितलं म्हणून,” एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

पोलिसांनी रणधीरची खोली, सामान, मोटारसायकल सगळं झाडून पाहिलं होतं. त्याचं लाल कुलूप कुठंच मिळालं नव्हतं. ते मिळत नव्हतं तोवर या पोरीचं बोलणं कोणी खरं धरणार नव्हतं.

३

अभ्यासिकेपुढं उद्घाटनाचा मांडव अजून उभाच होता. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड वाऱ्यानं एका बाजूला फाटून लोंबत होतं. गुंडप्पा ते सोडवायला आला होता, कारण दुसऱ्या गावचं लग्न तोंडावर आलं होतं. अक्कलकोटकडचा हा गडी, तोंडात कानडी हेल. मांडव, माईक आणि जनरेटर असा त्याचा धंदा. ताईंना बघताच त्याच्या हातातली दोरी थांबली.

ताईंनी आधी इमारत पाहिली. काम सुबक होतं. कुठं तार उघडी नाही, कुठं बोर्ड तिरका नाही. मनात नसताना त्यांना पोरांचं कौतुक वाटलं. फक्त दोन गोष्टी खटकल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या कोऱ्या प्लग पॉइंटवर काळसर डाग होता. आणि कोपऱ्यातल्या भंगारात कॉलेजच्या प्रयोगशाळेचा एक्स्टेन्शन बोर्ड पडला होता, अगदी चांगला, पण त्याची वायर मुळापासून कापून नेलेली. चांगला बोर्ड कोण कापतं, असं त्यांच्या मनात आलं. पण पोरं काहीही करतात, म्हणून त्यांनी तो विषय तेवढ्यावर सोडला.

गुंडप्पा बोलायला तयार नव्हता. जनरेटरचं नाव निघालं की तो मांडवाचं बोले. त्यानं मांडव घातला मंगळवारी सकाळी. आदल्या दिवशी घालणार होता, पण टेम्पो मिळाला नाही. मग माईक लावून गाणी सोडली आणि झाडाखाली जेवायला बसला.

“माईक जनरेटरवर होता?”

“आमी कायम जनरेटरवरच चालवतो, अक्का. गावच्या लाइटीचा काय भरवसा.”

“जेवताना काही वेगळं दिसलं? काही ऐकलं?”

तो बराच वेळ कापडाची घडी घालत राहिला. घडी चुकली, ती मोडून पुन्हा घातली.

“गाणं मधीच बसलं, अक्का. बाईचा आवाज एकदम गड्यावानी झाला, इंजन जड चाललं. थोड्या वेळानं परत सुटलं.”

“कशामुळं?”

“डिझेलात कचरा आसंल,” तो म्हणाला, पण त्यानं ताईंकडं बघितलं नाही.

शेजारच्या अंगणातून कडूबाई या दोघांकडं बघत उभ्या होत्या. अंगणात काळ्या वायरीवर दोन लुगडी वाळत होती. ताई त्यांच्याशी बोलणार इतक्यात फोन वाजला. फौजदार होते. आण्णासाहेब माणसं घेऊन ठाण्यात येऊन बसले होते, आणि उद्या संध्याकाळपर्यंत अहवाल आला नाही तर पोरीला ताब्यात घेण्यावाचून इलाज नाही, असं फौजदार म्हणाले.

४

कॉलेजात स्वानंद सर ताईंना पाहून खुर्चीतून अर्धे उठले आणि अर्धेच राहिले. त्यांचं म्हणणं असं की प्रकरण वाढवू नये. पोरगी चुकली, कबूल करेल, सहानुभूतीनं घेता येईल. काम चालू असताना तुम्ही जागेवर का नव्हता, असं ताईंनी विचारलं. सर म्हणाले की सरपंचांकडं जाणं गरजेचं होतं. सरपंचांकडं चहा किती वेळ चालला, हे ताईंनी विचारलं नाही, पण सरांच्या चेहऱ्यावर उत्तर आलंच. जाताना तुम्ही पोरांना काय सांगून गेलात, या प्रश्नावर ते घुटमळले. स्पर्धेची शेवटची तारीख मंगळवार होती. दिवे लागलेल्या इमारतीचा फोटो संघटनेकडं गेला पाहिजे, कसाही करून गेला पाहिजे, असं ते कृष्णराजला बजावून गेले होते.

तो फोटो ताईंच्या फोनमध्येही होता. मंगळवारी दुपारी संघटनेच्या ग्रुपवर आला, तेव्हा स्पर्धेच्या परीक्षक म्हणून त्यांनी त्याखाली ‘शाब्बास’ असं लिहिलं होतं. बाहेरची खोली, चारही ट्यूब लख्ख, पंखा फिरतोय, मागं उघडी खिडकी. त्या शाब्बासकीकडं आता त्यांना बघवेना.

कृष्णराज व्यवस्थित पोरगा. बोलणं मोजकं, केस नीट, डोळे मात्र झोप नसलेल्या माणसाचे. मित्र गेलाय, तेव्हा तेही साहजिकच होतं. त्यानं सांगितलं की फोटो सोमवारी संध्याकाळी काढलेला आहे. तेव्हा मेन चालू करून सगळे दिवे तपासले होते. पाठवायचा राहून गेला म्हणून मंगळवारी दुपारी पाठवला. मग तो झाडाखाली जेवायला गेला.

“शिवकन्या मेनजवळ गेलेली तू पाहिलीस?”

“हो मॅडम. जेवणाच्या आधी. मला सांगायला बरं वाटत नाही, पण पाहिलं.”

“तिच्याजवळ दुसरी किल्ली आहे, हे पोलिसांना कोणी सांगितलं?”

“मीच. तिनं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. खरं ते सांगायला पाहिजे ना, मॅडम.”

ताई गाडीत बसल्या आणि पुन्हा फोटो उघडला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, आधी ट्यूब, मग पंखा, मग खिडकी. खिडकीच्या कडेला लाल-पांढऱ्या कापडाची एक पट्टी दिसत होती. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि गाडी बेंबळीच्या रस्त्याला वळवायला सांगितली.

५

मांडव मंगळवारी सकाळी घातला गेला. म्हणजे फोटो मंगळवारचाच होता. म्हणजे मंगळवारी दुपारी बाहेरच्या खोलीत दिवे लागलेले होते, आणि कृष्णराज खोटं बोलत होता. पण याचा उपयोग शिवकन्याला काय? दिवे लागले म्हणजे मेन चालू झाला, आणि मेन चालू करायची किल्ली तिच्याकडंच होती. फार तर दोघांनी मिळून केलं असं म्हणतील. ताई जितका विचार करत तितकी पोरगी जास्त अडकत होती.

कडूबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि न विचारता ताट पुढं ठेवलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. ताईंना भूक नव्हती, पण म्हातारीपुढं नाही म्हणायची सोय नव्हती.

“खा बाई. त्या लेकराच्या नशिबी तर शेवटाला माझी भाकर बी नव्हती.”

“त्याचा उपास होता ना, मावशी.”

“सांच्याला सोडणार व्हता की. ताजी करून देते म्हणलं व्हतं. पर पीठच नव्हतं. बाकीच्या पोरांस्नी बी भातच घातला.”

घास ताईंच्या हातातच राहिला. “पीठ का नव्हतं?”

“गिरणी बंद. पहाटंच डीपीचा फ्यूज उडालता, समद्या वस्तीची लाइट गेलती. लाइनमन दिसभर खांबावर. दिवे लागायच्या वक्ताला आली लाइट. जवारीचा डबा म्या तसाच डोक्यावर माघारी आणला.”

हे वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण लाइट रोजच जाते, त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आणि विचारलंही नव्हतं, कारण माईकवर गाणी वाजत होती. गाणी वाजतात म्हणजे लाइट आहे, असं बाहेरचे सगळे धरून चालले होते, सकाळपासून बंद मेनवर काम करणारी शिवकन्या आणि ताईसुद्धा.

त्या दिवशी वस्तीत वीजच नव्हती. शिवकन्यानं ते कुलूप शंभर वेळा काढून मेन शंभर वेळा चालू केला असता, तरी आतल्या तारेत काही आलं नसतं. मग ट्यूब कशावर पेटल्या? रणधीरला कशानं मारलं?

ताईंची नजर अंगणात गेली. लुगडी आता नव्हती. दोन खुंटांना बांधलेली काळी वायर तेवढी होती आणि तिची टोकं खाली लोंबत होती. त्या ताटावरून उठल्या.

“मावशी, ही वायर कुठली?”

“मागं बांधावर बोरीत पडलेली घावली. चांगली हाय, म्हणलं दोरी व्हईल. कुणाची हाय का?”

ताईंनी एक टोक हातात घेतलं. तिथं प्लगची पिन होती. दुसऱ्या टोकालाही पिनच होती. अशी वायर कुठल्याही दुकानात मिळत नाही, ती कोणीतरी मुद्दाम करावी लागते.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना अभ्यासिकेत बोलावलं. फौजदार आणि स्वानंद सर होते, गुंडप्पा होता, शिवकन्या आणि तिचे वडील होते, आणि कृष्णराज. ताईंनी ती वायर सर्वांच्या मधोमध फरशीवर ठेवली. कृष्णराजनं एकदाच तिकडं पाहिलं आणि मान वळवली.

“आपण सगळे पुढच्या दाराचं कुलूप बघत बसलो,” ताई म्हणाल्या. “वीज मागच्या दारानं आली.”

त्यांनी शांतपणे सांगितलं. वस्तीत लाइट नाही आणि फोटो आजच पाठवायचा आहे. बाहेर जनरेटर चालू आहे, त्याचा मालक झाडाखाली जेवतोय. एक्स्टेन्शनची वायर कापून तिच्या उघड्या टोकालाही पिन जोडली. एक टोक जनरेटरला, दुसरं खिडकीखालच्या प्लग पॉइंटला. वीज त्या पॉइंटमधून उलटी शिरली आणि बोर्डातून साऱ्या इमारतीत पसरली. बाहेर ट्यूब पेटल्या, पंखा फिरला, जनरेटरवर भार पडला आणि गाण्याचा आवाज बसला. आत शिडीवर उभा असलेला रणधीर उघडी तार जोडत होता. मेन बंद आहे आणि किल्ली खिशात आहे, म्हणून तो निर्धास्त होता. खिडकीतून दिसणारं मांडवाचं कापड फोटोत आलं नसतं, तर फोटो सोमवारचा आहे हे कदाचित खपलंही असतं.

गुंडप्पा मटकन खाली बसला. जनरेटर आपला, तेव्हा गळ्यात आपल्याच येईल, म्हणून तो आजवर गप्प राहिला होता, हे त्यानं रडत कबूल केलं.

कृष्णराजनं नाकारलं नाही. उलट त्याला बोलायचंच होतं असं वाटलं.

“मी मेन तपासला होता, मॅडम. लाइनमन खांबावर होता. मेन चालू राहिला असता तर जनरेटरची वीज उलटी खांबावर जाऊन तो मेला असता. म्हणून आधी जाऊन बघितलं. बंद होता, कुलूप होतं. शिवकन्याचं. आणि शिवकन्या तर झाडाखाली जेवत होती. म्हणजे आत कोणी काम करत नाही.”

“आणि रणधीर?”

“उपास असला की तो केळी आणायला जातो. आतलं दार लोटलेलं होतं. मी हाक मारली, गाणं चालू होतं. त्याचं कुलूपच नव्हतं ना मेनला. त्यावर रणधीरचं नाव असतं तर मी तिथंच थांबलो असतो.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. पोरानं नियम पाळला होता. खांबावरच्या एका अनोळखी माणसाचा जीव वाचवायची काळजी घेतली होती, आणि त्याच भरवशावर आपल्या मित्राला मारलं होतं.

“फोटो काढला, पाठवला, तेवढ्यात आतून पडल्याचा आवाज आला. मी वायर उपसली. आत बघितलं. मग मागून गेलो आणि वायर बांधाकडं फेकली.”

“आणि जेवायला बसलास.”

त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

“छाती दाबून श्वास कसा परत आणायचा, हे शाखेत तुम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. तुझा पहिला नंबर आला होता त्यात. तू त्याच्या अंगाला हात लावलास?”

“तो गेलाच होता, मॅडम.”

“नाडी पाहिलीस?”

कृष्णराजनं नाडी पाहिली नव्हती. रणधीर तेव्हा जिवंत होता की नव्हता, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. शिवकन्यानं तोंडावर ओढणी घेतली. स्वानंद सर भिंतीकडं बघत होते.

“चूक झाली ती जेवायच्या सुट्टीत,” ताई म्हणाल्या. “तिला मी चूकच म्हणते. पण पुढं तू भात वाढून घेतलास, आणि या पोरीची किल्ली पोलिसांना दाखवून दिलीस. तो गुन्हा तू ठरवून केलास.”

फौजदारांनी कृष्णराजला उठवलं. दारातून जाताना त्यानं शिवकन्याकडं बघायचा प्रयत्न केला. तिनं बघितलं नाही.

७

शिवकन्या सुटली, तरी ताईंच्या मनातली एक खुटखुट तशीच राहिली होती. रणधीरचं कुलूप गेलं कुठं? घरी राहिलंय, असं तो म्हणाला होता. त्याच संध्याकाळी त्या शिवकन्याच्या वडिलांच्या जीपमधून जळकोटला निघाल्या. शिवकन्याही बरोबर आली. आण्णासाहेबांसमोर एकदा उभं राहिल्याशिवाय तिला झोप येणार नव्हती.

आण्णासाहेब शेतात होते. घरात बसवत नाही, असं घरातल्या बायका म्हणाल्या. हमरस्त्यापासून थोडं आत त्यांची विहीर, पलीकडं फुलावर आलेला हरभरा. ठाण्यात आवाज चढवणारा तो माणूस आता विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता. हकीकत त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी शिवकन्याकडं पाहिलं आणि हात जोडले.

“पोरी, तुला लई बोललो म्या.”

ती नुसती मान हलवत राहिली. ताईंची नजर मात्र विहिरीजवळच्या खांबावर गेली होती. तिथं मोटारीच्या स्टार्टरची लोखंडी पेटी होती, आणि पेटीला धुळीनं भरलेलं एक लाल कुलूप होतं. ते पाहिलंच नाही असं करून निघून जावं, असं एक क्षण त्यांना फार वाटलं. आण्णासाहेबांनी त्यांची नजर पकडली.

“दिवाळीत स्टार्टर चोरीला गेलता. त्याच्याकडं हे दणकट कुलूप व्हतं. म्हणलं, राहू दे हितंच. रविवारी आलता तवा मागत व्हता. दादा, मला ते लागतंय म्हणला.”

“मग?” ताईंनी विचारलं. न विचारून चालणार नव्हतं.

“म्या म्हणलं, कुलपावाचून कुणाचं अडतंय का? कुणाचं तरी घे.”

हमरस्त्यावरून एक एसटी गेली. मग त्यांनी हळूच विचारलं, “त्या पोरानं म्हणं कुलपावरचं नाव बघून चालू केलं. खरं हाय का, ताई?”

चारुशीलाताईंना उभ्या आयुष्यात खोटं बोलायची इतकी इच्छा कधी झाली नव्हती. “खरं आहे,” त्या म्हणाल्या.

आण्णासाहेब उठले. खांबापाशी जाऊन त्यांनी बाहीनं कुलपावरची धूळ पुसली. रोज हाताळलेलं कुलूप, पण त्यावर लिहिलेलं त्यांनी कधी वाचलं नव्हतं. आता एकेक अक्षर लावून त्यांनी ते वाचलं. रणधीर. काम चालू आहे.

गडी लांबून विचारत आला, मालक, लाइट आलीय, मोटार चालू करायची का. आण्णासाहेबांनी खिशातून किल्ली काढली. ती कुलपात जाईना. दोनदा लावून पाहिली, मग त्यांनी किल्ली शिवकन्यापुढं धरली.

“तू काढ, पोरी. माझ्यानं न्हाय व्हत.”

शिवकन्यानं दोन्ही हात मागं घेतले. “दुसऱ्याच्या कुलपाला आता म्या हात लावायची न्हाय, काका.”

ते किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. गडी थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. हरभऱ्याला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.